पहाटे पाचचा पुरावा

स्क्रूचे बाबा निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसातल्या सात जणांनी त्यांना वेगवेगळ्या रंगीत कागदांत गुंडाळून सात भेटी दिल्या. घरी येऊन उघडल्या तर सातही भेटी म्हणजे एकच पुस्तक. चांगल्या सवयी कशा लावून घ्याव्यात, याबद्दलचं. (सात जण एकाच खोलीत बसतात आणि एकमेकांना विचारत नाहीत, यावरून त्या ऑफिसात काम कसं चालत असेल ते समजावं.) सहा पुस्तकं बाबांनी कपाटावर ठेवली आणि सातवं वाचायला घेतलं. बस्स, एवढंच घडलं. एका माणसाने खुर्चीत बसून एक पुस्तक उघडलं. पण खोलीत गॅस भरलेला असताना जो काडी ओढतो, तोही एवढंच करत असतो.

बाबा वजनमापे निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, वजनं उलटी करून तळ पाहिले, कापडवाल्यांच्या मोजपट्ट्या मोजल्या आणि जे खरं निघालं त्यावर शिक्का मारला. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. पहिला आठवडा त्यांनी स्वयंपाकघरातले कप मोजण्यात काढला. (एकाच सेटमधल्या सहा कपांत सहा वेगवेगळी मापं बसतात, हे आईला लग्नानंतर सव्वीस वर्षांनी कळलं. तिचं काही अडलं नव्हतं.) दुसऱ्या आठवड्यात पुस्तक वाचून झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना घरातला सगळ्यात सदोष माल सापडला. तो सकाळी साडेनऊपर्यंत झोपलेला असायचा.

हा माल म्हणजे स्क्रू. सहा वर्षांचा असताना त्याने घरातला रेडिओ उघडला होता आणि परत जोडल्यावर एक स्क्रू उरला होता. रेडिओ चालू झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षी सोडून आला. दोन वर्षांत त्याने फळ्यावर विजेच्या साठ-सत्तर मोटर पाहिल्या, हाताला एक लागली नाही. घरी आल्यापासून तो बाल्कनीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करायचा. काम बरं चाललं होतं. इतकं बरं, की बाल्कनीत आता कपडे वाळत घालायला आईला मिक्सर ओलांडून जावं लागायचं.

त्याला हवी होती खालची शटरची खोली. तिथे पूर्वी बाबांची स्कूटर असायची, आता स्कूटरची आठवण म्हणून फरशीवर तेलाचा एक डाग होता. एवढी खोली मिळाली की दुकान. पण ती खोली काकांनाही हवी होती.

काका सवयी शिकवतात. आधी ते पाण्याचे फिल्टर विकायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की फिल्टर विकायला फिल्टर लागतो, सवयी विकायला काहीच लागत नाही. तेव्हापासून ते बागेत पहाटे चाळीस माणसं जमवून त्यांना दीर्घ श्वास घ्यायला लावतात. चाळिसांत एकही पन्नाशीच्या आतला नाही. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या झोपा मोडल्या ती ही माणसं, आता आपल्याला झोप लागत नाही त्याला शिस्त म्हणतात.

"एकवीस दिवस," बाबा म्हणाले. पुस्तकात बोट घालूनच बोलत होते, शेजारी काका बसले होते. "पहाटे पाचला उठायचं. पंधरा मिनिटं दोरीवरच्या उड्या, मग पंधरा मिनिटं या पुस्तकाचं मोठ्याने वाचन. एकवीस दिवस पूर्ण झाले तर खालची खोली तुझी."

"आणि एखादा दिवस चुकला तर?"

"खोली काकाची. आणि तू काकाकडे कामाला."

"काकांकडे काय काम असतं?"

"खुर्च्या मांडायच्या," काका म्हणाले. "आणि टाळ्यांना सुरुवात करून द्यायची. लोक लाजतात रे."

स्क्रूने टाळ्या वाजवणाऱ्या स्वतःला क्षणभर डोळ्यांपुढे आणलं आणि घाईघाईने हो म्हणून टाकलं.

बाबांनी लगेच करार लिहून काढला आणि फ्रिजच्या दारावर एकवीस चौकोनांचा तक्ता चिकटवला. तपासणीची पद्धत त्यांच्या खात्याची होती. निरीक्षकाने चालू तराजूला हात लावायचा नसतो. हात लावला की दुकानदार म्हणतो, साहेब, तुमच्या बोटाने काटा हलला. म्हणून बाबा खोलीत शिरणार नव्हते. पाच वाजता बंद दाराबाहेर उभं राहायचं, दाराखालून उजेड दिसतो का बघायचं, दोरीचा आवाज ऐकायचा, वाचन ऐकायचं आणि चौकोनात खूण करायची.

पहिल्या दिवशी स्क्रू खरोखर उठला. खरोखर उड्या मारल्या. साडेपाचला तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि आपलं नाव काय असावं याचा विचार करत होता. दुपारी इस्त्रीत चुकीची तार जोडली आणि घराचा फ्यूज उडवला. संध्याकाळपर्यंत त्याचं मत पक्कं झालं की हे पुस्तक ज्याने लिहिलं त्याला दुपारी काम नसणार. पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो होताच. दात इतके पांढरे की त्यानेसुद्धा बाकी सगळं सोडून आयुष्यभर तेवढीच एक सवय पाळली असावी.

दुसऱ्या दिवशी स्क्रूने यंत्र केलं.

साहित्य बाल्कनीतच होतं. एक गजराचं घड्याळ, सेलवर चालणारं. गजराची वेळ झाली की घंटी वाजण्याऐवजी वीज जोडली जायची आणि टेबललॅम्प लागायचा. त्याबरोबर जुन्या टेबलफॅनची मोटर फिरायची. तिला वेग कमी करणारी दोन चाकं, चाकाला दोरीचा तुकडा, आणि दोरीच्या टोकाला रबरी चप्पल. चप्पल फरशीवर आपटली की थाप्, थाप्, थाप्. बंद दारातून ऐकलं तर कुणीही म्हणेल, पोरगा उड्या मारतोय. पंधरा मिनिटांनी वॉशिंग मशीनचा टायमर मोटर बंद करायचा आणि टेपरेकॉर्डर सुरू करायचा, त्यात स्क्रूच्या आवाजात पुस्तकाचं वाचन. टेपरेकॉर्डर एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला होता आणि ते गिऱ्हाईक परत आलंच नव्हतं. (बहुतेक तेही सुधारलं असावं.)

बाबांनी तिसऱ्या दिवशी खूण केली. चौथ्या दिवशी केली. पाचव्या दिवशी नाश्त्याला आईला म्हणाले, "दम चांगला आहे गं त्याला. मधे थांबत नाही."

"हो का," आई म्हणाली आणि पावाला लोणी लावत राहिली.

पण यंत्र म्हटलं की देखभाल आली. एकदा पहाटे चप्पल सुटून कपाटावर आदळली, तेव्हापासून स्क्रू पाचला दहा कमी असताना उठायचा, चपलेची गाठ तपासायचा, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचा आणि परत पांघरुणात शिरायचा. शिरून उपयोग नसायचा. कानापासून दोन हातांवर पंधरा मिनिटं चप्पल आपटत असताना झोपणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मग तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडायचा आणि बाबा गेले की साडेपाचला उठून घड्याळाचं बटण दाबून यंत्र बंद करायचा. बटण दाबायला विसरून चालणार नव्हतं. काट्यांच्या घड्याळाला पहाट आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही.

शिवाय बाबांची अट अशी की पुस्तक पुढे सरकलं पाहिजे. म्हणजे रोज नवं प्रकरण. म्हणजे रोज दुपारी दार लावून स्क्रूला पंधरा मिनिटांचं वाचन टेप करावं लागायचं, आणि मधे हसू आलं तर पहिल्यापासून. हसू यायचंच. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक मोठा माणूस असायचा. कुणी कंपनीचा मालक बूट फ्रिजमध्ये ठेवायचा, का तर सकाळी दूध घेताना धावायची आठवण व्हावी. (घरात त्याची बायको असेल, ती काय म्हणाली, ते कुठल्याच प्रकरणात नव्हतं.) पानभर सांगितलेली गोष्ट पुढच्या पानावर परत, आणि शेवटी चौकटीत तिसऱ्यांदा. स्क्रूला वाटायचं, ज्या माणसाला एक वाक्य एका वाक्यात सांगायची सवय लागली नाही, तो आपल्याला काय लावणार.

पण खोटं कशाला बोला. अकराव्या प्रकरणात एक ओळ होती: एक काम बंद केल्याशिवाय दुसरं उघडू नका. ती त्याने टेप केली, टेप थांबवला आणि बाल्कनीत बघितलं. सात मिक्सर उघडे पडले होते. सातही अर्धे. त्या रागाने त्याने एक मिक्सर पूर्ण केला, झाकण लावलं, मग दुसरा. चार दिवसांत सातही संपले. गिऱ्हाइकं वस्तू वेळेवर मिळाली म्हणून संशयाने बघायला लागली. हे पुस्तकामुळे झालं असं म्हणायला स्क्रू अजिबात तयार नव्हता. त्याच्या मते हवा बदलली होती.

विसाव्या दिवशी पहाटे वीज गेली.

पाचला दहा कमी असताना स्क्रू उठला तर स्वयंपाकघरात आई मेणबत्ती शोधत होती. यंत्र नाही, बाबा दहा मिनिटांत दाराशी. त्याने टॉर्च पेटवून फरशीवर ठेवला, दोरी शोधली आणि पंधरा मिनिटं खऱ्या उड्या मारल्या. मग टॉर्चच्या उजेडात खरं वाचन केलं. बाहेर बाबांनी खूण केली आणि जाता जाता म्हणाले, "आज जरा धाप लागतेय वाटतं." स्क्रू पलंगावर कोसळला. या सगळ्या गडबडीत घड्याळाचं बटण दाबायचं राहिलं.

नऊला वीज आली. संध्याकाळी साडेचारला काका आले, बरोबर बागेतल्या मंडळातली चार माणसं. खालच्या खोलीत चटया किती मावतील ते बघायला.

"अजून एक दिवस बाकी आहे, काका," स्क्रू म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतोय. नुसतं बघून ठेवतो."

चहा झाला. काकांनी स्क्रूला मधल्या खुर्चीत बसवलं आणि मंडळींना म्हणाले, "आमचा पुतण्या. कॉलेज सोडलेला. साडेनऊला उठायचा. आता विचारा त्याला काय विचारायचं ते."

मंडळींत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा वर केला. "पहाटे उठल्याचा सगळ्यात मोठा फायदा कोणता झाला, बाळ?"

"आत्मविश्वास वाढला," स्क्रू म्हणाला. (प्रकरण तीन, चौकट.)

तेवढ्यात पाच वाजले. आतल्या खोलीच्या दाराखाली उजेड पडला. थाप्. थाप्. थाप्.

कुणी काही बोलायच्या आत बाबा उठले. कप खाली ठेवला, सरळ दारापाशी गेले, हात मागे बांधून उभे राहिले, घड्याळ बघितलं, मान डोलावली, फ्रिजकडे आले, पेन्सिल काढली आणि एकविसाव्या चौकोनात खूण करायला घेतली. अर्धी खूण झाल्यावर त्यांची नजर मधल्या खुर्चीवर गेली. तिथे स्क्रू बसला होता. आत स्क्रू उड्या मारत होता.

"आत कोण आहे?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही," स्क्रू म्हणाला. आणि या सबंध वीस दिवसांतलं हे त्याचं सगळ्यात खरं वाक्य होतं.

दार कुणी उघडलं नाही. चालू तराजूला हात लावायचा नाही, म्हणून बाबांनी सगळ्यांना तसंच बसवून ठेवलं. पंधरा मिनिटं आठ माणसं चपलेचा आवाज ऐकत बसली. मग खट् झालं आणि स्क्रूचा आवाज वाचायला लागला. रोज बाबा वाचनाची दोन मिनिटं ऐकून जायचे, त्यामुळे टेपच्या शेवटाकडे स्क्रूने कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आज शेवट आला.

"झालं एकदाचं," टेपमधला स्क्रू म्हणाला. "तेहतीस वर्षं लोकांचे तराजू पकडले आणि घरात चपलेला फसले."

"हळू बोल," टेपमधली आई म्हणाली. "जागे आहेत ते. आणि उद्या पाचला दहा कमी असताना उठशील तेव्हा गॅसवरचं दूध बघ. मी अंघोळीला असते."

"बघतो. रोज बघतोच की."

खट्. टेप संपली. सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईने किटली उचलली. "अजून कुणाला हवाय?"

काका उठले. "दादा, खोली माझी. आता बोलायला जागाच नाही."

बाबांनी पेन्सिल फ्रिजवर ठेवली. आत गेले. चष्मा बदलून त्यांनी यंत्र खालून वर बघितलं, चाक हाताने फिरवलं, चपलेची गाठ ओढून पाहिली. मग स्टुलावर बसून म्हणाले, "मिनिटाला चौसष्ट. पहिल्या आठवड्यापासून मोजतोय मी. आजची पहाट सोडली तर रोज चौसष्ट, एकही कमी नाही." चाक परत एकदा फिरवून पाहिलं. "माणूस असा चालत नाही. दुकानदार असता तर पहिल्याच दिवशी पकडला असता. मला वाटायचं, पोराचा दम आहे."

शिव्या दिल्या असत्या तर स्क्रूकडे उत्तरं होती.

"परत लाव," बाबा म्हणाले.

"काय?"

"टेप. शेवटचं."

स्क्रूने टेप मागे घेऊन लावली. बाबांनी आईचं वाक्य तीनदा ऐकलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "हा पाचला दहा कमी असताना उठतो?"

"तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून," आई म्हणाली. "पाणी पितो, दूध उतरवतो. एकही दिवस चुकला नाही. तुम्ही दाराशी येता तेव्हा तो टक्क जागा असतो."

"आणि पुस्तक?"

"रोज दुपारी वाचतो. दोन-दोनदा. मला पाठ झालंय."

बाबांनी करार काढून वाचला. "करारात पाच लिहिलंय. माल मापापेक्षा दहा मिनिटं जास्त भरतोय. वाचनही जास्त. उड्या तेवढ्या कमी."

"दादा, अरे, त्याने फसवलंय तुला."

"ते मी बघतोय. तू खाली बस." बाबांनी कोरा कागद घेतला. "उद्याचा दिवस यंत्राशिवाय करायचा. आणि यावर सही. पुस्तक वाचल्यामुळे मला पहाटे उठायची सवय लागली, असं. मग शिक्का मारतो."

"पण नाही लागली," स्क्रू म्हणाला. "मला उठावं लागू नये म्हणून उठत होतो. मी फसवलंय, बाबा. मला फसवणूक केली म्हणून नापास करा. पुस्तकाने पास नका करू."

"मग खोली काकाची."

"टाळ्या साध्या असतात," काका म्हणाले. "मी शिकवतो."

स्क्रूने कागदाकडे बघितलं. बाल्कनीकडे बघितलं. कॉलेज सोडताना त्याने प्राचार्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या कुठल्याही कागदावर मी सही करणार नाही, आणि तिथे सहीची गरजही नव्हती, ते तसंही काढणारच होते. इथे मात्र करायची होती. खाली शटर होतं, फरशीवर तेलाचा डाग होता, आणि त्या डागावर कुठे बाक ठेवायचा ते त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

त्याने सही केली. बाबांनी खात्याला परत न केलेला जुना शिक्का काढला आणि सहीवर मारला. मंडळी निघाली. मुख्याध्यापिका चप्पल घालताना जरा मागे रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला एक करून देशील का, बाळ? माझी सून दाराबाहेरून ऐकते."

एकविसाव्या दिवशी स्क्रू घड्याळाशिवाय, यंत्राशिवाय, पाचला दहा कमी असताना जागा झाला. डोळे घट्ट मिटून त्याने परत झोपायचा प्रामाणिक प्रयत्न केला. जमलं नाही. दात खात उठला, उड्या मारल्या. बाविसाव्या दिवशी त्याच्यावर कसलीच सक्ती नव्हती, तरी तसाच जागा झाला. इतका संताप त्याला आयुष्यात आला नव्हता. करणार काय, खाली जाऊन शटर उघडलं आणि साडेपाचला कामाला बसला.

काका तिथे कॅमेरा घेऊन हजर. खोली गेली तरी त्यांचा राग टिकत नाही, तशी त्यांना सवय आहे. "वर्गाच्या जाहिरातीसाठी तुझा फोटो हवाय. सवय लागलेला तरुण म्हणून." आईने वरून इस्त्रीचा शर्ट पाठवला. स्क्रूने दाढी केली, केस बसवले, हातात स्क्रूड्रायव्हर धरला आणि खोली मिळाल्याच्या आनंदात थोडंसं हसलासुद्धा. फोटो खरोखर चांगला आला. आईने तर एक प्रत मागून घेतली.

आठवड्याने जाहिरातीचे कागद छापून आले. वर मोठ्या अक्षरात काकांच्या वर्गाचं नाव, खाली शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडे इस्त्रीच्या शर्टातला, हसरा, दाढी केलेला स्क्रू. त्याखाली छापलं होतं, 'आधी'. उजवीकडे 'नंतर'. तिथे काका होते.

"काका, हा फोटो सवय लागल्यानंतरचा आहे," स्क्रू म्हणाला.

"माहीत आहे रे," काका म्हणाले. "पण छापणाऱ्याला दाखवला, बागेत चौघांना दाखवला. सवय लागलेला माणूस असा हसेल, हे कुणाला पटेचना."